रंकाळा एका रात्रीत स्वच्छ होत नाही: उपग्रह-इमेज वाचताना या चुका टाळा

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेज घेऊन रंकाळ्यातल्या शेवाळाचा आलेख काढला की नवशिक्यांना हमखास एक चमत्कार दिसतो. २०२२ च्या जानेवारीअखेर तलाव एकदम सुधारतो! लगेच खाली कारणंही लिहिली जातात: सांडपाणी अडवलं, गाळ काढला. त्या उडीचा पाण्याशी काही संबंध नसतो. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्था इमेजमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवून देते, आणि ते वजा करायचं राहून जातं.

हिशेब करून बघा. शेवाळाचा अंदाज देणारा क्लोरोफिल निर्देशांक म्हणजे दोन बँडांचा (प्रकाशाच्या पट्ट्यांचा) फरक भागिले त्यांची बेरीज. बँड ४ (लाल) मध्ये ३०० आणि बँड ५ (लालच्या पुढचा) मध्ये ४०० असेल तर तो १०० भागिले ७००, म्हणजे ०.१४. तेच १३०० आणि १४०० धरले तर १०० भागिले २७००, म्हणजे ०.०४. वरचा फरक तोच, फक्त छेद फुगला, आणि शेवाळ घटल्यासारखं दिसलं.

तारखेवरून ठरवू नका. जुन्या इमेजही नव्याने प्रक्रिया करून मिळतात आणि त्यांतही हे १००० असतात. फाइलच्या नावातला बेसलाइन क्रमांक (प्रक्रियेची आवृत्ती) वाचा. ०४.०० किंवा पुढचा असेल तर १००० वजा करा, मग १०,००० ने भागा. गूगलच्या अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' संग्रह घेतला असेल तर तिथे ते आधीच वजा केलेले असतात, पुन्हा वजा करायचं नाही. घाईत तेही करणारे आहेतच.

बँड ५ चा पिक्सेल २० मीटरचा, त्यात काठाची जमीनही मिसळते, म्हणून काठापासून ४० मीटर सोडा. बँड ८ (जवळचा अवरक्त) चढा दिसला तर ते केंदाळही असू शकतं. जाऊन बघून या, रंकाळा काय लांब आहे होय?

पंचगंगेसाठी सेंटिनेल-३ नको. ३०० मीटरच्या एका पिक्सेलात नदी, घाट आणि ऊस सगळंच येतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्राला ते चालतं, पण खाडीच्या तोंडाशी निळ्या-हिरव्या बँडांचं सूत्र गढूळ पाण्यालाच क्लोरोफिल समजतं.

आता वणवा. राधानगरीकडे फर्म्सवर (नासाच्या आगींच्या नकाशावर) लाल ठिपका उमटला की 'अभयारण्य पेटलं' म्हणून मेसेज फिरतो. ठिपका म्हणजे उपग्रहावरच्या व्हिअर्स या उपकरणाच्या ३७५ मीटर पिक्सेलचा मध्य. आग त्या चौकोनात कुठेही असेल. उपग्रह एका फेरीत टिपतो त्या पट्ट्याच्या कडेला तर पिक्सेल जवळजवळ दुप्पट होतो. ठिपक्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा आणि आत जंगल आहे की ऊस ते आधी बघा. गळीत हंगामात बहुतेकदा पेटवलेलं पाचट निघतं. उलट, हे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात, त्यामुळे संध्याकाळी सातला पेटवून तासाभरात विझलेला फड नकाशावर येतच नाही. बारा महिने एकाच जागी ठिपका? ती भट्टी.

जळालेलं क्षेत्र आगीआधीच्या आणि नंतरच्या इमेजच्या वजाबाकीने मोजतात. त्यात नोव्हेंबरची इमेज 'आधीची' म्हणून घेऊ नका. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचं गवत तेव्हा हिरवं, फेब्रुवारीत वाळलेलं. वजाबाकीत पठार न पेटताच जळतं. आगीआधीची इमेज दहा-पंधरा दिवसांतलीच घ्या, आणि 'या आकड्यापुढे जळालं' म्हणून अमेरिकी जंगलांवर बसवलेली वजाबाकीची ०.२७ ची रेघ आपल्या गवताला लावू नका.