शाळेच्या अंगणात सोन्याची नदी

सोनं सापडलं तिथं माणसं कशी धावली आणि गावं कशी वसली, हा धडा पहिल्या वर्षी मी फळ्यावरच उरकला. १८४८ कॅलिफोर्निया, १८५१ ऑस्ट्रेलिया, १८८६ जोहान्सबर्ग, १८९६ क्लोंडाइक. पोट्ट्यांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. तास संपता संपता मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्याईच्या नदीत सोनं होतं, मंग आपल्या अडाण नदीत काहून नाही?" मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा धडा मी अंगणात घेते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत जे जमतं ते कुठंही जमेल, म्हणून सगळं लिहून ठेवते.

सामान फार लागत नाही. दोन घमेली, चार बादल्या, खताच्या दोन-तीन रिकाम्या पिशव्या, नदीची वाळू आणि शिसं. शिसं भोयांकडे मिळतं, मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते. पक्कडीने त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करायचे. हे काम आपण करायचं, पोरांना द्यायचं नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला पिवळा ऑइलपेंट कुणाच्या तरी घरी उरलेला असतोच. त्यात तुकडे बुडवून वाळवले की झालं सोनं. खरं सोनं पाण्याच्या १९ पट जड, शिसं ११ पट, वाळू जेमतेम अडीच पट. खेळापुरता एवढा फरक पुरतो.

नदी म्हणून एक चर खणायचा, तो मुरुमाच्या जागेवर खणा. मी एकदा काळ्या मातीत खणला होता. पाणी असं गढूळलं की सोनं सोडा, घमेल्याचा तळही दिसेना. तीन-चार मीटर लांब, बेताचा उतार आणि मध्ये दोन ठसठशीत वळणं. चरात पिशव्या फाडून अंथरायच्या, वर वाळू पसरायची. वरच्या टोकाला मुरुमाचा ढीग करून त्यात पिवळे तुकडे मिसळायचे. हा कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा डोंगर. आता ढिगावर बादलीने धार धरायची, एकदम ओतायचं नाही. वाळू वाहून जाते. तुकडे वळणाच्या आतल्या अंगाला बसतात, कारण तिथं पाण्याचा जोर मोडतो. पोरांना हे आधी सांगू नका, शोधू द्या.

घमेलं फिरवायला पोरींना पुढं करा. सूप पाखडायची सवय असलेला हात इथं लगेच बसतो. फरक इतकाच की वाऱ्याचं काम पाणी करतं. घमेलं पाण्यात तिरपं धरून हलकं ते वरच्यावर वाहून जाऊ द्यायचं, जड ते तळाशी राहतं. आमच्याकडे पोरगे जोर लावतात आणि सोन्यासकट सगळं सांडतात.

पहिला तुकडा सापडला की अख्खा वर्ग त्या वळणावर गोळा होतो. तिथंच थांबवा आणि म्हणा, "कोण कुठं उभं आहे ते पाहा. हे झालं गाव." १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात अमेरिकन नावाच्या नदीच्या काठी, सटर नावाच्या जमीनदाराच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या कामावर, जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. पुढच्या दोन वर्षांत असेच वळणावळणावर तंबू पडले. मग खालच्या टोकाला दोन विटा ठेवा. अमेरिकन नदी मोठ्या नदीला मिळते, बोटी तिथवर येतात, ती वीट सॅक्रामेंटो. समुद्राच्या तोंडाशी दुसरी, सॅन फ्रान्सिस्को. वरचे तंबू उठले, या दोन विटा राहिल्या. आमच्या पोरांना संगम म्हटलं की वढा आठवतो, पैनगंगा वर्धेला मिळते तो. म्हणून नदीला नदी मिळते तिथं माणसं थांबतात, हे त्यांना पटवून द्यावं लागत नाही.

आता एका पोराला दुकानदार करा. दोन्ही घमेली त्याच्या ताब्यात, बाकीच्यांना दहा-दहा चिंचोके. घमेलं पाहिजे तर भाडं द्या. अर्ध्या तासात सगळे चिंचोके दुकानदाराकडे जमतात आणि भांडण लागतं. लागू द्या. तिथल्या सॅम्युअल ब्रॅनन या दुकानदाराने हेच केलं होतं. आधी सामान भरून ठेवलं, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर सोनं सापडल्याची हाळी दिली.

एक प्रश्न हमखास येतो. आला नाही तर तुम्ही विचारा: तिथं आधी कोण राहत होतं? १८४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास मूलनिवासी होते. १८७० पर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि कत्तली. इथं मी घाई करत नाही. पोरं गप्प होतात, तशीच राहू देते. मग चिंचोक्यांच्या खेळात एक भर घालते: परदेशी खाणवाल्याने महिन्याला २० डॉलर कर भरायचा. हा कायदा १८५० मध्ये खरोखर आला. मेक्सिको, चिली, चीनहून आलेले किती जण त्यामुळे खाण सोडून गेले, ते चिंचोके संपलेल्या पोरांना बरोबर कळतं.

शेवटची बादली ढिगावर जोरात ओता. मुरुम ढासळतो आणि खालच्या विटांभोवती गाळ साचतो. पुढं कॅलिफोर्नियात मोठ्या नळांच्या जोरदार धारांनी डोंगरच फोडायला लागले, गाळ खालच्या शेतांवर आला, शेतकरी कोर्टात गेले. १८८४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेतकऱ्याच्या पोरांना हा भाग सगळ्यात आवडतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गसाठी वेगळा डाव लागतो. चार तुकडे मातीच्या ओल्या विटेत कोंबून वीट आदल्या आठवड्यात कडक वाळवून ठेवा. घमेलं आणि पाणी इथं कामाचं नाही, हातोडा हवा. सोनं खडकात खोल. यंत्रं, कोळसा, भांडवल आणि हजारो मजूर लागले. जवळ मोठी नदी नसताना दहा वर्षांत लाख वस्तीचं शहर उभं राहिलं. आपल्याकडचं, कर्नाटकातलं कोलारही असंच: तीन किलोमीटरहून खोल खाणी, तमिळ मुलखातून आलेले कामगार, १९०२ मध्ये शिवनसमुद्र धबधब्याहून आणलेली वीज. २००१ मध्ये खाणी बंद पडल्या, तरी लोक राहिले, रोज रेल्वेने बंगळुरूला कामाला जाऊ लागले. कॅनडातलं क्लोंडाइक मी दोन वाक्यांत आटोपते: वर्षाचा शिधा पाठीवर घेऊन बर्फाची खिंड चढायची. अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी येताच १८९९ मध्ये क्लोंडाइकच्या डॉसन गावातून हजारो लोक निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अंगण सोडून शकुंतलेच्या, म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ या छोट्या गाडीच्या, रुळांवर चला. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. आपला काळा दगड लाव्ह्याचा, त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. तोच झिजून कपाशीची काळी माती झाली, ओल धरून ठेवणारी. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. पुढं शकुंतलाही कापसासाठीच आली. रुळांच्या कडेने कापसातली सरकी काढणारे जिनिंग उभे राहिले, मारवाडी-गुजराती व्यापारी आले, बाहेरगावचे हमाल आले. भाव १८६५ नंतर उतरले, माणसं मात्र इथंच राहिली.

पोरांना घरी एकच काम द्या: सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपण इथं कुठून आलो आणि कशापायी. अंगणात आपल्या गावाचा नकाशा काढून उत्तरं त्यावर खडूने लिहायची. गेल्या वर्षी एकीने लिहिलं, "आमची पणजी जिनमधी रुई येचाले आली." तिच्या शेजारी एकाने लिहिलं, "आमचा बाप पुण्याले गेला." मी दोन्हीला बाण काढायला लावले, एक आत, एक बाहेर.

आवरताना शिशाचे तुकडे मोजून घ्या. शिसं विषारी, म्हणून सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा, आणि चरातलं पाणी गुरांच्या टाक्यात जाऊ देऊ नका. भोयांकडून जेवढं आणलं तेवढं तोलून परत द्यायचं असतं. मागच्या वेळी आमचे तीन तुकडे कमी भरले. दुकानदार झालेला पोरगा अजून म्हणतो, त्याला माहीत नाही.