संगणक कक्षातील खेळ आणि नवा ग्रंथपाल

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन संगणक कक्षात रुजू होणाऱ्या नवोदिताला वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची बनवणे) उत्तम येत असते. परंतु बहुतेक संगणकांवर ऑनलाइन खेळ रंगलेले असताना नोकरीचा अर्ज भरायला आलेला वाचक ताटकळत उभा राहिला, तर काय करावे, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारलेले नसते. मी ते पहिल्याच आठवड्यात शिकलो, तेही चूक करून. खेळणाऱ्या एका मुलाला मी मुदत संपण्यापूर्वीच उठवले आणि ‘महत्त्वाच्या कामासाठी’ थांबलेल्या गृहस्थांना ती जागा दिली. त्यांनी अर्धा तास जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या. मुलगा मागे उभा राहून ते सारे पाहत होता.

तेव्हापासून पडद्यावर काय चालले आहे, यावरून वाचकाची पात्रता ठरवणे मी सोडले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र रांगेतल्या माणसाला जितके लागू आहे, तितकेच खेळणाऱ्यालाही. खेळ आणि ग्रंथालय यांचे वैर आहे, असेही नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००८ पासून ग्रंथालयांत खेळांचा खास दिवस साजरा करायला सुरुवात केली होती. नियम करायचेच असतील, तर ते वेळ, आवाज आणि रांग यांविषयी करावेत, आणि ते सर्वांना सारखे असावेत.

वेळेच्या नियमात एक खाच आहे. अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्यावर सोडला तर सोबत्यांचे नुकसान होते आणि काही खेळांत सोडणाऱ्याला दंडही बसतो. मुदत संपताच पडदा बंद झाला की भांडण होते, ते बहुधा यामुळेच. म्हणून दहा मिनिटे आधी सूचना द्यावी आणि ‘आता नवा डाव सुरू करू नका’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. माझ्या कक्षातल्या निम्म्या कटकटी एवढ्या एका वाक्याने मिटल्या. अर्जासारख्या कामांसाठी पंधरा मिनिटांच्या मुदतीचा एक संगणक वेगळा ठेवल्यास उरलेल्याही बऱ्याच कमी होतात.

‘खेळांमुळे इंटरनेट मंदावते’ ही तक्रार तुमच्या कानावर येईलच. प्रत्यक्ष खेळताना होणारी माहितीची ये-जा चित्रफीत पाहण्यापेक्षा सहसा बरीच कमी असते. खरा भार पडतो तो खेळ उतरवून घेताना आणि अद्ययावत करताना, कारण तेव्हा कित्येक गीगाबाइट खेचले जातात. त्यातच संगणक पुन्हा सुरू होताच मूळ स्थितीत आणणारी प्रणाली बसवलेली असेल, तर आज उतरवलेला खेळ उद्या नाहीसा होतो आणि वाचक तो पुन्हा उतरवू लागतो. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर बसवण्यास बंदी ठेवून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळांना मोकळीक देणे सोयीचे पडते.

आवाजाबाबत मात्र सवलत देऊ नये. हेडफोन लावलेल्या खेळाडूला स्वतःचे ओरडणे ऐकू येत नाही. त्याला लांबून हाका मारण्यापेक्षा त्याच्या नजरेसमोर जाऊन हाताने खूण करावी.