रस्त्यावरचा धूर घरात का येतो? या चुका टाळा

मुंबईत फ्लॅट बघताना समुद्र किती लांब, हे सगळे विचारतात. समोरचा रस्ता किती रुंद आणि त्यावरच्या इमारती किती उंच, हे फारसं कोणी विचारत नाही. घरात किती धूर येणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

समुद्राकडची इमारत म्हणजे स्वच्छ हवा, ही सगळ्यात मोठी चूक. एस. व्ही. रोडसारखा उत्तर-दक्षिण रस्ता घ्या. जिथे दोन्ही बाजूंना सलग इमारती आहेत आणि त्यांची उंची साधारण रस्त्याच्या रुंदीएवढी आहे, तिथे दुपारचा पश्चिमेचा वारा गच्च्यांवरून जातो, पूर्वेकडच्या इमारतीवर आदळून खाली उतरतो आणि गाड्यांचा धूर घेऊन उलटा पश्चिमेकडे फिरतो. म्हणजे धूर जास्त येतो तो समुद्राच्या बाजूच्या इमारतीत, तोही रस्त्याकडच्या खिडक्यांतून. तिथे राहत असाल तर दुपारी मागच्या, पश्चिमेच्या खिडक्या उघडा. इमारती रुंदीच्या दुप्पट उंच असतील तर वरचा वारा तळापर्यंत नीट पोचतही नाही. खालच्या मजल्यांना त्याचा जास्त त्रास.

थंडीत पहाटेच खिडक्या सताड उघडू नका. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवेचं झाकण, अशा वेळी धूर खालीच कोंडतो. टेकड्यांमधल्या पुण्यात हे चांगलंच जाणवतं. ऊन चढू द्या. अ‍ॅपवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती प्रदूषित आहे ते सांगणारा आकडा, बघा, पण तो हवा मोजणाऱ्या केंद्राजवळचा असतो. तुमच्या गल्लीचा नव्हे.

झाडं हवीतच, असलेली तोडूही नका. पण अरुंद, वर्दळीच्या गल्लीत दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत मिसळल्या की धुराला वर जायला वाट उरत नाही. तिथे नवी लागवड करताना फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये दाट झुडपांचं कुंपण जास्त उपयोगी पडतं.

रीडेव्हलपमेंटमध्ये मात्र सोसायट्या कार्पेट एरियावर महिनोन्‌महिने भांडतात आणि पार्किंगचं चार-पाच मजली पोडियम, म्हणजे इमारतीखालचा रुंद चौथरा, एका बैठकीत मान्य करतात. शेजारी-शेजारी अशी पोडियम उभी राहिली की रस्त्याच्या पातळीवर सलग भिंत तयार होते. जर्मनीतलं स्टुटगार्ट शहर दरीत वसलंय. तिथे रात्री टेकड्यांवरून उतरणाऱ्या गार हवेच्या वाटेवर बांधकामाला मर्यादा घालतात. आपल्याकडे निदान प्लॅनवर सही करण्याआधी आर्किटेक्टला विचारा: वारा कुठून येतो, आणि दोन इमारतींमध्ये जमिनीपासून वरपर्यंत मोकळी फट कुठे ठेवली आहे?