मृगाच्या आधी उरकायची कामं

आपल्या सोसायटीच्या नव्या समितीतल्या सगळ्यांना नमस्कार. मृग ७-८ जूनच्या सुमाराला लागतो आणि इंदूरला पाऊस महिन्याच्या मध्यानंतर धरतो. म्हणजे हाताशी मे महिना आहे. दारावरची हरित मानांकनाची पाटी बांधकामाला मिळाली. पुढची वर्षं निभवायची आपणच, म्हणून पाच वर्षांत जे शिकलो ते तुमच्या हाती देतो.

आधी एक वही घाला. पाण्याच्या मुख्य मीटरचं आणि विजेच्या मीटरचं रीडिंग रोज एकाच वेळेला लिहा. आठवड्यातून एकदा वॉचमनदादांना रात्री १ आणि ४ वाजता पाण्याचं रीडिंग घ्यायला सांगा. सगळे झोपलेले असताना काटा बराच पुढे गेला, तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट बिघडलाय. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी चढवून आपल्यापर्यंत येतं. टाकी वाहिली की ती सगळी वीजही गटारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग सांडपाण्याच्या पाइपांचे चेंबर उघडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यात जमिनीखालचे पाइपांचे सांधे सरकतात. हे पाऊस पडण्याआधी दिसलं तर एका दिवसाचं काम, नंतर पंधरा दिवसांचं.

एसटीपीचा, म्हणजे आपल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा, हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवा, असा आग्रह यंदाही होईल. कृपा करून मान्य करू नका. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात, काही तास हवा तुटली की दुर्गंधी सुटते. आवाजाचा त्रास खरा आहे, त्यासाठी ब्लोअरखाली रबरी पॅड बसवा. ही हवा जिथे सोडतात त्या एअरेशन टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवून गाळ किती बसतो ते पाहा आणि वहीत लिहा. गाळाचा आकडा एकदम बदलला की ऑपरेटरला लगेच बोलवा. घरोघरी सांगा की ब्लीच आणि फिनेल बेताने वापरा, डायपर संडासात टाकू नका.

ओल्या कचऱ्याची तयारी खरं तर फाल्गुन-चैत्रातच सुरू होते. कडुनिंबाची गळलेली पानं आम्ही गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत, ती कुणाला उचलू देऊ नका. पावसाळ्यात खताचा खड्डा चिखल होतो. तेव्हा ओला कचरा जितका, जवळजवळ तितकाच सुका पाला मिसळला तर वास आणि अळ्या दोन्ही आटोक्यात राहतात. शिवाय घरोघरी भुट्ट्याचा कीस सुरू झाला की बुरकुंडांचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांचा, ढीग लागतो. ती अख्खी टाकली तर महिनोन्‌महिने कुजत नाहीत, बारीक करूनच टाका. बाकी कचऱ्याचे सहा प्रकार आपल्याकडे घरातच वेगळे होतात. सफाईच्या मावशींना मात्र रबरी हातमोजे आणि गमबूट मे महिन्यातच द्या.

सोलर पॅनल पहाटे, काच थंड असताना धुवा, आणि अर्थिंग व वीजरोधक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. क्लबहाउसचा एसी २४ वर ठेवा. मालव्यातल्या रात्रींना खिडक्या पुरतात.

सगळ्यात महत्त्वाची गच्ची. १०० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी, त्यातला बराचसा भाग बोअरमध्ये उतरवता येतो. पण पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेरच सोडायचं असतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही ते पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तपासला नाही. तो गंजून अडकला होता, आणि धूळ, कबुतरांची घाण, सगळं थेट बोअरमध्ये गेलं. कितीतरी दिवस पाण्याला वास येत होता. त्यासाठी मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. म्हणून गच्ची झाडा, जाळ्या मोकळ्या करा, फिल्टरमधली वाळू आणि खडी काढून धुवा, कोळसा बदला, व्हॉल्व्ह चार वेळा उघडून-मिटून पाहा. आणि पहिली सर आली की वर कोण जाणार, ते नाव आजच वहीत लिहून टाका. व्हॉल्व्हची किल्ली गच्चीच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे.