नव्या घराभोवतीची जागा: पाण्याची वाट आधी, झाडं नंतर

घर बांधून झालं की पहिला मोह होतो तो रोपं आणून लावण्याचा. तो आवरायला हवा. बांधकाम संपलेल्या जागेत माती गाड्यांच्या चाकांखाली दगडासारखी दबलेली असते आणि तिच्यात सिमेंट, चुना, विटांचे तुकडे मिसळलेले असतात. पाणी कुठे जाणार हेही अजून ठरलेलं नसतं. या जागेवर लावलेलं झाड वर्षभर कसंबसं तग धरतं, मग पिवळं पडतं, आणि दोष खताला दिला जातो.

सुरुवात राडारोड्यापासून करा. तो पसरून वर चांगल्या मातीचा थर देणं सोपं वाटतं, पण खाली गाडलेल्या राड्यात मुळं अडतात आणि सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) वाढतो. सामू वाढला की जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जिथे सिमेंट-वाळूचा मसाला कालवला जात होता तिथली २० ते ३० सेंटिमीटर माती काढूनच टाका. पाया खणताना वरची काळसर माती वेगळी ढीग करून ठेवली असेल, तर ती सोन्यासारखी जपा.

त्यानंतर उतार. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. तयार जमिनीची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थराच्या १५ सेंटिमीटर खाली ठेवा. माती त्या थरापर्यंत चढवली की ओल भिंतीत शिरणारच. मोजायला पारदर्शक नळीची पाणसळ (पाणी भरलेली नळी, जिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं) पुरते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नसावा. छपराच्या पाण्याचे पाइप भिंतीच्या बुडाशी सोडू नका, ते पाणी बंद पाइपाने लांब न्या. पाणी साचतंच अशा जागी चर खणून १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप टाका. त्याला मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या, भोकं खालच्या बाजूला ठेवा, भोवती खडी भरा आणि सगळं जिओटेक्स्टाईल कापडात (पाणी जाऊ देणारं, पण गाळ अडवणारं कापड) गुंडाळा. कापड वगळलं तर काही पावसाळ्यांत गाळ बसून पाइप बुजतो.

पायाभोवतीचा भराव ही सर्वांत फसवी जागा. कितीही ठोकला तरी तो पहिल्या पावसात थोडाफार खाली बसतो. त्यावर लगेच फरशी केली तर ती भिंतीकडे कलते आणि पाणी थेट पायाशी जातं. म्हणून भराव १५ सेंटिमीटरच्या थरांनी, किंचित ओला करून धुम्मस करत (ठोकून दाबत) भरा आणि जमलं तर एक पावसाळा तसाच राहू द्या. एवढी कळ काढणं फार कमी जणांना जमतं, पण दुरुस्तीचा मोठा खर्च वाचतो तो इथेच.

पायवाटेसाठी जमीन खणून आधी दाबून घ्या. मग १० ते १५ सेंटिमीटर खडी दोन थरांत टाकून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पाट्याच्या दाबयंत्राने) बसवा. वर जाडसर वाळूचा अडीच ते तीन सेंटिमीटरचा सपाट थर, त्यावर ब्लॉक. खडीतले खड्डे वाळूने भरून काढायचे नाहीत. वाळू जिथे जाड, तिथे ब्लॉक आधी खचतो. कडेला काँक्रीटची पक्की कड हवीच, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. मीटरला २ सेंटिमीटर उतार, घरापासून दूर. शेवटी सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरा. आणि ब्लॉक बसवण्याआधी वाटेखालून ५० मिलिमीटरचे एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, ठिबकची नळी नि दिव्यांच्या वायर पुढे त्यातून नेता येतात.

मातीकडे वळताना निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून रात्रभर जिरू द्या, सकाळी पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते पाहा. अडीच ते पाच सेंटिमीटर असेल तर उत्तम. एकही सेंटिमीटर उतरत नसेल, तर तिथे उंच वाफे करा. दबलेली माती ३० सेंटिमीटरपर्यंत पहारीने किंवा टिकावाने मोकळी करा, पण वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना. ओल्या चिकणमातीत खणलं तर ढेकळं विटांसारखी वाळतात. वर ५ सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरून वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमध्ये मिसळा. १०० चौरस मीटरला ५ घनमीटर कंपोस्ट लागेल.

झाडाचा खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खाली भुसभुशीत भर घातली तर झाड खचतं. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. मोठी झाडं भिंतीपासून निदान ६ मीटरवर, झुडपं १ मीटरवर. वड-पिंपळाच्या जातीची त्याहूनही खूप लांब. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर द्या, खोडाभोवती वीतभर जागा उघडी सोडून.

हिरवळ सगळ्यात शेवटी, गाड्या आणि माणसांची ये-जा थांबल्यावर. तिची माती वाटेच्या कडेपेक्षा २ सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे गवत वाढल्यावर वाटेवरचं पाणी अडत नाही.