रॉ सॉकेट, सिन-अ‍ॅक आणि मध्येच सुटणारा आरएसटी : माझा अनुभव

लिनक्सवर रॉ सॉकेट (ज्यात पॅकेट आपणच बनवून पाठवतो) वापरून टीसीपी कनेक्शन स्वतःच्या कोडमधून उघडायचं होतं, सिन (कनेक्शन उघडायची विनंती) जायचा, समोरून सिन-अ‍ॅक (होकार) पण यायचा आणि माझा अ‍ॅक (पोच) निघायच्या आत माझ्याच मशीनवरून आरएसटी (कनेक्शन तोडणारं पॅकेट) सुटायचा. टीसीपीडंप ह्या पॅकेट बघायच्या टूलमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. कारण असं की सिन-अ‍ॅकची कॉपी रॉ सॉकेटला मिळते पण कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) टीसीपी पण तेच पॅकेट बघतो, त्याच्याकडे त्या पोर्टवर सॉकेटच नसतं, मग तो आरएसटी पाठवतो, १९८१ च्या आरएफसी ७९३ (टीसीपीचं स्पेसिफिकेशन) पासून हाच नियम आहे त्यामुळे कर्नलचं काहीच चुकत नाही.

आयपीटेबल्स ह्या लिनक्सच्या फायरवॉलच्या आउटपुट चेनमध्ये (मशीनवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सचे नियम) फक्त माझ्या सोर्स पोर्टवरून जाणारे आरएसटी ड्रॉप केले आणि हँडशेक (सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक) पूर्ण झाला. सरसकट सगळे आरएसटी ड्रॉप करू नका प्लीज, बंद पोर्टवर येणारे क्लायंट उगाच ताटकळत बसतात. सोर्स पोर्ट ३२७६८ ते ६०९९९ च्या बाहेरचा घ्या, डिफॉल्ट सेटिंगमध्ये लिनक्स ह्या रेंजमधले पोर्ट इतर प्रोग्रामना वाटून देतं. अ‍ॅक नंबर समोरच्याच्या सिक्वेन्स नंबरपेक्षा १ ने जास्त हवा, सिन स्वतः एक नंबर खातो.

आणि हो, तुमच्या कोडने रॉ सॉकेटवरून मुद्दाम पाठवलेला आरएसटी पण ह्याच आयपीटेबल्सच्या नियमात अडकतो, तो पाठवायचा असेल तर पॅकेट सॉकेट (जे पॅकेट थेट नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे देतं) वापरा, ती पॅकेट्स आउटपुट चेनमधून जात नाहीत.