ओळखवही: रत्नागिरी आपल्यात किती आहे ते कागदावर कसं उतरवायचं

रत्नागिरीकराला पुण्यात 'कुठला?' म्हणून विचारा, तो कोकणातला असतो. चिपळुणात विचारा, तो रत्नागिरीचा. शहरातच मारुती मंदिर भागात विचारलं तर मुरुगवाड्यातला, आणि मुरुगवाड्यातच कुणी हटकलं तर थेट आजोबांचं नाव सांगून मोकळा. माणूस एकच, उत्तरं चार. वहीच्या पहिल्या पानावर आपली ही चार उत्तरं एकाखाली एक लिहा आणि जे सांगताना आवाज सैल होतो त्याखाली रेघ मारा. बहुतेकांची रेघ शहराखाली पडत नाही, आळीखाली नाहीतर वाडीखाली पडते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड प्रोशान्स्की यांनी १९७८ साली शहर आणि स्वतःची ओळख यांचं नातं मांडलं. 'मी कोण' याच्या उत्तरात नातीगोती आणि जात-धंदा असतो, तशी आजूबाजूची जागाही असते, हा त्यांचा मुद्दा. तो आपल्यापुरता तपासायला दोनशे पानी लाँगबुक, अर्धा चार्ट पेपर, निळं आणि लाल बॉलपेन, एक पेन्सिल एवढं पुरतं. जेलपेन नको. पावसाळ्यात कागद सर्दावला की त्याची शाई पसरते.

आडनावाचं पान लवकर उरका. 'कर' लागलेलं आडनाव गाव सांगतं, पण ते गाव सोडल्यावरच लागतं. पावसला राहणाऱ्याला पावसकर म्हणायची कुणाला गरज? म्हणून तीन ठिकाणं वेगळी लिहा: आडनावाचं गाव, कुलदैवताचं गाव आणि तुम्ही सायकल शिकलात ती जागा. तिन्ही एकच निघाली तर नशीबवान. नसतील तर जीव कशात किती आहे ते पुढे कळेलच.

आता नकाशा. याला घाई करू नका. चाळीस मिनिटं हाताशी ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पट्टी वापरू नका. कागदाच्या मध्यावर घर काढा. तिथून शाळा, बाजार, समुद्र, देऊळ किंवा मशीद आणि रिक्षा स्टँड, निळ्या पेनने, आठवतील त्या वळणांसह. उत्तर दिशा शोधत बसू नका. कोकणात दिशा दोनच, वर आणि खाली. खालची आळी, वरची आळी ही नावं त्यातूनच आली. उताराला बाण काढा, पाखाडी असेल तर पायऱ्या काढा.

दुसऱ्या दिवशी नकाशाची झेरॉक्स घेऊन तोच रस्ता पायी चाला. राहून गेलेलं लाल पेनने भरा, नकाशात आहे पण जागेवर उरलेलं नाही ते पेन्सिलीने गोल करा. मग तिन्ही रंग वाचा. रोज पायी तुडवलेला रस्ता कागदावर ऐसपैस असतो, त्यावर गडगा, फणस, कुत्रा बसायचा तो कठडा असं सगळं असतं. गाडीने केलेला रस्ता आखूड आणि सरळ येतो. मारुती मंदिराहून बाजाराकडे उतरणारा उतार स्कूटरवाल्याच्या नकाशात सहसा नसतोच, गुडघे दुखणाऱ्याच्या नकाशात अर्धा कागद खातो.

खरा ऐवज कोऱ्या जागेत आहे. टिळक आळीत वाढलेल्या माणसाचा राजिवडा किंवा मिरकरवाडा कोरा राहू शकतो, मिरकरवाड्यातल्या माणसाची टिळक आळी. ही जागा गूगलवर बघून भरायची नाही. ती कोरीच ठेवून तिथे कारण लिहा: 'काम पडलं नाही', 'घरून पाठवत नसत', 'तिकडचं कुणी वर्गात नव्हतं'. आपण शहराच्या कोणत्या भागात गेलोच नाही, यानेही आपण घडलेलो असतो. 'आमची रत्नागिरी' म्हणताना त्यातली किती आपण पाहिली आहे, ते या कोऱ्या चौकोनांवरून दिसतं. हे पान लिहायला जड जातं आणि म्हणूनच बरेच जण टाळतात.

एक पान पाहुण्यांसाठी राखा, एकच. रत्नदुर्ग, १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचं जन्मस्थान, १९३१ चं पतितपावन मंदिर, १९१० साली बांधून झालेला थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ साली रत्नागिरीतच वारला. यातल्या प्रत्येकापुढे 'पाहुणा सोबत नसताना शेवटचा कधी गेलो' ते लिहा. बऱ्याच ओळींपुढे 'शाळेची सहल' एवढंच येईल. अभिमान असणं आणि जवळीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गफलत होते ती नेमकी इथे.

नंतर शब्द. गोडीबाव, कुवारबाव ही नावं आपण रिक्षावाल्याला दिवसातून चारदा सांगतो. बाव म्हणजे विहीर. 'रहाटाघर' या नावात पाणी उपसणारा रहाट ऐकू येतो. नावाच्या पाटीवर शहराचं पाणी साठलेलं असतं. आपल्या परिसरातली अशी वीस नावं घ्या आणि प्रत्येकापुढे नुसतं जे दिसतं ते लिहा: विहीर, झाड, धंदा, माणूस. व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगणारा एक काका प्रत्येक आळीत असतो. त्याचं म्हणणं लिहून घ्या, पण 'काका म्हणतात' असं लिहून. त्याखाली घरातले शब्द: पडवी, ओटी, माजघर, परस, पऱ्या, आगर, सडा. यातला कुठला शब्द तुम्ही बोलता, कुठला नुसता समजतो आणि कुठला मुलांना समजावून सांगावा लागतो, अशा तीन खुणा करा.

मोठ्या माणसांशी बोलणं नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरका. पावसाळ्यात पत्र्यावरचा किंवा कौलांवरचा आवाज रेकॉर्डिंग खाऊन टाकतो. फोन एअरप्लेन मोडवर, खाली घडी घातलेला पंचा, माणसापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. 'पूर्वीची रत्नागिरी कशी होती?' असं विचारलंत तर 'छान होती' यापलीकडे काही मिळत नाही. 'आजी, घरातून निघून शाळेत कसं जायचात? प्रत्येक वळण सांगा,' असं विचारा. साल आठवत नसेल तर खुणेचा दगड द्या: कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) आधी की नंतर? सिंधुदुर्ग वेगळा झाला (१ मे १९८१) तेव्हा? कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली (२६ जानेवारी १९९८) तेव्हा? आगबोटीने मुंबईला गेलेलं कुणी भेटलं, तर डबा काय नेला होता तिथून सुरुवात करा.

कागदपत्रं घरात असतील तेवढीच बघा. शहरातल्या घराची मिळकत पत्रिका, गावच्या जमिनीचा सातबारा, जुने फेरफार. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात, त्या जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नाही. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोताच्या घरात 'आपलं गाव' या शब्दाला जी चव आहे, ती कुळाच्या घरात वेगळी असते. कुणाच्या अंगणातून बघून लिहितोय हे समासात नोंदवा.

वही सगळ्यात जास्त फसते ती महिन्यांमध्ये. चाकरमान्याची रत्नागिरी मे महिन्यात आणि गणपतीत असते, त्यामुळे तिच्यात आंबा आहे, मोदक आहेत, जुलै नाही. बारा रकाने आखा आणि प्रत्येकात एक वास, एक आवाज, एक काम लिहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या काठाला लागलेल्या असतात. मच्छीमाराच्या घरचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं, बागायतदाराचं मोहोर आल्यावर, नोकरदाराचं जूनमध्ये शाळेच्या दप्तराबरोबर. फाल्गुनात ग्रामदैवत भैरीची पालखी आली की तिघं एका रांगेत दिसतात. जे रकाने कोरे राहतील त्या महिन्यात एकदा जाऊन या, चार दिवस पुरतात, पण लग्न किंवा बारसं गाठून नको.

दुसरी फसगत सालाची. शहर सोडलं त्या वर्षी आपला नकाशा गोठतो, आणि नंतर झालेला प्रत्येक बदल बिघाड वाटतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'माझी रत्नागिरी, अमुक सालची' असं लिहायचं. आजच्या शाळकरी पोराकडून तसाच चाळीस मिनिटांचा नकाशा काढून घ्या आणि तुमच्याशेजारी डकवा. डकवायला पातळ गोंद नको, फोटो कॉर्नर लावा. वही पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा आणि दर ऑक्टोबरात कोवळं ऊन दाखवा, नाहीतर कसर आधी तुमची आळीच खाईल.